खुब्यावरची टोपी

७ फेब्रुवारी १९९९
मुंबईचं दोन दिवसांचं वर्कशॉप संपलं. हिप रिसरफेसिंग. खुब्याचा गोळा कापून टाकायचा नाही, नुसता तासून वर धातूची टोपी बसवायची. प्लास्टिकच्या हाडावर माझी पहिल्या झटक्यात बसली. शिकवणारे गुरुदत्त सर म्हणाले, निदान वीस केसेसना माझ्यासोबत उभा राहा, मगच स्वतः कर. सर जुन्या वळणाचे. तरी संकल्प: वीस.

१६ फेब्रुवारी
एक पाहिली. पनवेलहून जाण्यायेण्यात अख्खी ओपीडी बुडाली. ऑपरेशनची कॅसेट घरी आहेच. अकरा वेळा पाहिली. झाल्या बारा.

२ मार्च
प्लास्टिकची हाडं धरून बेरीज एकवीस. यात खाटकाकडची बोकडाची हाडंही आली. हाड ते हाड.

९ मार्च
जगन आला. बेचाळीस वर्षांचा, उरणकडच्या मिठागरात कामाला. खुबा पार झिजलाय. म्हणाला, डाक्टर, उकिडवं बसता आलं पायजे, नायतर काम नाय. बायको रंभा हिनं विचारलं, किती जनांचं केलंव? वीसच्या वर, म्हणालो. शशिकला सिस्टर उगाच खोकल्या.

१८ मार्च, पाडवा
फत्ते! पावणेचार तास. कॅसेटमध्ये दीडच लागतो, पण ती एडिट केलेली. दिशा ठरवणारी तार जरा वर गेली, म्हणून तासताना गोळ्याखालच्या हाडाच्या मानेला खाच पडली. अगदी बारीक. सिस्टर म्हणाल्या, सरांना फोन लावू? कशाला? नोट्समध्ये खाच लिहिली नाही, उगाच पाल्हाळ.

९ एप्रिल
जगनच्या जांघेत कळ येते. मन घट्ट ठेव, सांगितलं. एक्स-रे पुढच्या वेळी. मला झोप नाही. उकाडा फार.

२१ एप्रिल
जगनच्या खुब्याची मान मोडली. पडलाही नाही, अंगणात चालत होता. बरोबर खाचेतूनच मोडली. हाडं ठिसूळ असणार, असं लिहायला घेतलं. जमलं नाही. सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, अख्खा सांधा बदलावा लागेल, उकिडवं बसणं त्याला विसरायला सांग. अजून सांगितलेलं नाही.

२६ एप्रिल, मुंबई
आज सर जगनचा सांधा बदलणार. म्हणाले, समोर उभा राहा, निदान जखम उघडी ठेवायला रिट्रॅक्टर धर. हात धुण्याआधी जगनजवळ गेलो. मास्क असूनही त्यानं ओळखलं. माझं मनगट धरून हळूच विचारलं, डाक्टर, तुमी हात नाय ना लावनार?
नाही, म्हणालो. हात धुवायला गेलोच नाही.