हरतालिकेची गोळी

मॅडम,

उद्या हरतालिका आहे, आणि यंदा पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या पर्समध्ये रक्तदाबाची गोळी आहे. सेलूच्या माझ्या दवाखान्यातली दुपारची गर्दी आत्ताच ओसरली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग काही गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोललेलं तुम्हाला कधी चालायचं नाही.

वर्ध्याच्या कॉलेजातली ती लांबट प्रयोगशाळा मला अजून दिसते. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम संथ फिरतोय, कोमट खारट पाण्याच्या नळीत बकऱ्याच्या मोठ्या धमनीची पट्टी दोऱ्याने टांगली आहे. ती आवळली की दोरा ओढला जातो आणि काजळीत पांढरी रेघ वर चढते. मी सेलूच्या किराणा दुकानदाराची मुलगी, घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं. धमनी मी दोन बोटांच्या चिमटीत धरली. आतून लालसर, ओशट काहीतरी बोटांना लागत होतं. मी ओल्या कापसाने ती आतून छान पुसून घेतली, आमच्या दुकानातले डबे दिवाळीला पुसतात तशी. मग औषध टाकून पट्टी आवळली, रेघ झकास चढली. पुढचं औषध ती सैल करणारं. टाकलं, तर रेघ उतरायचं नावच घेईना. बाजूच्या टेबलावरच्या सगळ्यांची उतरली, माझी आणखीच वर गेली. तुम्ही आलात, पट्टीकडे पाहिलंत, मग माझ्या बाजूच्या कापसाकडे.

"काऊन पुसलं? कोणी सांगतलं होतं तुले पुसाले?"

एरवी तुम्ही वर्गात पुस्तकी मराठी बोलायचात, चिडलात की गावाकडची जीभ बाहेर यायची. सगळा वर्ग हसला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात. नसेच्या भिंतीत स्नायू असतो, म्हणालात, हातापायाच्या स्नायूसारखा तो तुझं ऐकत नाही. तो दिवसरात्र थोडा आवळलेलाच राहतो, फारसा न थकता, म्हणून तर रक्त डोक्यापर्यंत पोचतं. पण 'सैल हो' असं हे औषध त्याला थेट सांगू शकत नाही. ते सांगतं आतल्या अस्तराला, आणि अस्तर स्नायूला. ते अस्तर इतकं नाजूक की कापसानेही निघून जातं. "तू ते पुसून टाकलंस. आता त्याला फक्त आवळणं माहीत आहे." त्यानंतर मी नस कधी पुसली नाही.

त्याच वर्षी तुमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मसाल्याच्या डब्यामागे मला तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली दिसली. तुम्ही लपवली नाही. नसांच्या स्नायूला मेंदूकडून आवळण्याचे निरोप सारखे येत असतात, ही गोळी ते अडवून धरते, म्हणालात. मग चहात साखर ढवळता ढवळता हसत म्हणालात, "एकदम सोडली ना, तं अडलेले सगळे निरोप एकाच वेळी येऊन पडतात. म्हणून चुकवाची नसते. हे आपल्या आपल्यात ठेवजो." मी ठेवलं. चहा फार गोड झाला होता, तरी तुम्ही मला आणखी एक कप प्यायला लावलात.

आणि मग तुम्हीच चुकवलीत. मी इंटर्न होते तेव्हा. हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी, वाळूच्या महादेवापुढे पत्री वाहताना तुम्ही एका बाजूला कलंडलात. डोक्यातली नस फुटली होती. मी तुमच्या घरी गेले तेव्हा तुमचे यजमान, साहेब, ओसरीत बसले होते, तुमच्या चपला अजून दाराशी होत्या. "मी म्हटलं होतं तिले, गोळीपुरतं पाणी पे," ते म्हणाले, "तं म्हणे, तुमच्याच नावाचा उपास हाये, एका दिवसानं काय होते?" एका दिवसाने काय होतं ते त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं का? आख्ख्या वर्ध्यात ते सगळ्यांत चांगलं तुम्हाला ठाऊक होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मी तेव्हा मनात म्हटलं आणि रडत घरी आले. आजही तेच म्हणते.

पण खरं सांगू का मॅडम, या आठवड्यात थोडं कळायला लागलंय. लग्नापासून मी हा उपास निर्जळ करत आले. नवरा रोज मोटरसायकलने वर्ध्याला जातो, नागपूर रोडवरचे ट्रक तुम्हाला माहीत आहेत. गोळीसाठी दोन घोट पाणी प्यायले आणि त्याच संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला तर? असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. नसेतल्या त्या स्नायूसारखंच भीतीचंही आहे, कितीही शिकलं तरी ती आपलं ऐकत नाही. तुम्हीही तशाच घाबरला होतात का? एवढं तरी सांगून जायचं होतंत.

आज सकाळी हिंगणीची एक बाई आली होती. तुमचीच गोळी चालू आहे तिला. म्हणाली, "सालातून एक दिवस नाई घेतली तं मरतो का मी? नवऱ्याच्या नावाचा उपास हाये, पान्याचा थेंब नाई चालत."

तिला मी तेच सांगितलं जे दरवर्षी अशा सगळ्या बायकांना सांगते. माझ्या मॅडम आहेत वर्ध्याला, मोठ्या डॉक्टर. त्या हरतालिकेलाही दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेतात, मग पूजेला बसतात. साहेबही धडधाकट आहेत. तुम्ही मेलात म्हणून सांगितलं तर बायका घाबरून रडतात आणि देवीला आणखी एक उपास बोलतात. तुम्ही जिवंत आहात म्हटलं की गोळी घेतात. एवढं एक खोटं मी तुमच्या नावावर चालवते.

बाईने औषधाची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग कबूल झाली, "तुमच्या मॅडम घेतात तं मीबी घेतो." दारातून परत वळून म्हणाली, "त्यायले माह्या नमस्कार सांगजा."

सांगते म्हटलं मी. म्हणून हे लिहायला बसले. धाडायचं कुठेच नाही, ते ठाऊक आहे. उद्या सकाळी पूजेआधी मी माझी गोळी घेईन, आणि घेताना मीसुद्धा स्वतःला हेच सांगेन, की मॅडम घेतात.