फडताळातला आत्तीचा कप्पा

आई,

तुझं स्वयंपाकघर बघायला लोक यायचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बाहेरच्या खोलीत टेकायच्या आधी आत डोकवायच्या, तुला फडताळाची दारं उघडायला लावायच्या आणि "सैपाकघर म्हणायचं का देवघर गं ह्ये" म्हणत निघायच्या. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा, तुला अजून न्यायचं होतं तेव्हा, शेजारच्या काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "डोळं झाकून हात घातला तरी मिठाचा डबा हाताला लागायचा बघ तुझ्या आईच्या घरात." मी मान हलवली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसले, आणि मग ती सवयच होऊन गेली. आता माझं वय तू गेलीस त्या वयाच्या पुढं गेलंय. तेव्हा बोलते. तुझ्या त्या टापटिपीचा मला राग होता, आणि तो अजून गेलेला नाही.

आपण मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आबा कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं तेव्हा आपली नोकरी राहते की जाते या घोरात ते असतानाच हातकणंगल्याहून आत्तीचे मालक वारल्याचा निरोप आला. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. पोटी मूल नाही. वर्षश्राद्ध व्हायच्या आत दिरा-जावांनी तिला नकोसं करून सोडलं आणि आबा जाऊन तिला घेऊन आले. बरोबर एक ट्रंक आणि भांड्यांचं एक पोतं. तू तिच्या पायांवर पाणी घातलंस, चहा दिलास, आणि संध्याकाळच्या आत फडताळातला एक कप्पा पुसून रिकामा केलास. "वन्सं, ह्यो तुमचा. ह्याला कुनी हात लावनार न्हाय," असं तू म्हणालीस. मी तिथंच बसून शेंगा सोलत होते.

त्या कप्प्यात काय काय होतं, मला अजून दिसतं. मागच्या बाजूला उभी करून ठेवलेली पितळी परात, तिच्यापुढं तांब्या, एक कान तुटलेली कढई, आणि चिंध्यांच्या पुरचुंड्या. ओवा, वावडिंग, बिब्बे, कसलं कसलं बी. कुणाचं पोट दुखलं की गल्लीतल्या बायका आपल्या दारात यायच्या आणि आत्ती न बघता बरोबर पुरचुंडी काढायची. माझ्यासाठी कोपऱ्यात गुळाचा खडा असायचा, मुंग्या लागलेला, फुंकून द्यायची. परात तिच्या मालकांनी जोतिबाच्या यात्रेतनं आणलेली. काठावर त्यांचं नाव ठोकून घातलं होतं. भाकरीचं पीठ ती त्याच परातीत मळायची, आणि धुऊन झाली की पदरानं पुसताना नाव होतं तिथं तिचा हात जरा थांबायचा. तिला वाचता येत नव्हतं. घरात तिचं म्हणावं असं त्या कप्प्याएवढंच होतं. तिची झोपायची जागासुद्धा रोज सगळ्यांची अंथरुणं पडल्यावर ठरायची.

मग तू आबांच्या साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेलीस. आल्यावर लुगडंही न बदलता फडताळासमोर उभी राहिलीस ती राहिलीसच. बाईसाहेबांकडं काचेच्या दाराचं कपाट होतं, त्यात पितळेचे सारखे डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या ओळीत लावलेले. ते सांगताना तुझा आवाज बदलला होता. दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरात 'अडगळ' हा शब्द आला. फुटक्या बरण्या गेल्या, तडे गेलेली गाडगी गेली, रिकाम्या बाटल्या गेल्या. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. उंदीर कमी झाले, खोलीत दोन पाट जास्त मांडता यायला लागले. आबा म्हणाले, "घर मोठं झाल्यागत वाटतंय." तू इतकी खूश झालीस की त्या दिवशी शिरा केलास.

आणि मग तुझा फडका आत्तीच्या कप्प्याशी आला. आधी तुझा चहाचा डबा तिथं गेला, चार दिवसांसाठी म्हणून. मग साखरेचा. कढई माळ्यावर गेली, कारण तिचा कान तुटका. पुरचुंड्या तू सोडवून सगळ्या एका डब्यात भरल्यास आणि ओव्यात वावडिंग मिसळलं. पुढं कुणी पोटदुखीचं सांगत आलं की आत्ती त्या डब्यात बोटं घालून बसायची आणि शेवटी म्हणायची, "डाक्टरकडं जावा बाई." प्रत्येक वेळी तू विचारायचीस, "वन्सं, जरा सरकवू का ह्ये?" आणि ती म्हणायची, "सरकव की. मला काय लागतंय." मला त्याचीच चीड येते. भांडली असतीस, तर आबांना काहीतरी बोलावं लागलं असतं. तू भांडायची नाहीस, विचारायचीस, आणि सगळं फडका हातात घेऊन करायचीस.

भांडेवाला आला तो दिवस. तो दारात पोतं सोडून बसलाय, तागडी उंबऱ्याजवळ टांगलेली. नवे डबे तू आधीच पसंत करून ठेवलेस आणि त्यांची झाकणं लावून बघते आहेस. मोडीत घालायच्या जुन्या भांड्यांचा ढीग त्याच्यापुढं आहे, आणि त्या ढिगात आत्तीची परात आहे. या वेळी तू विचारलं नव्हतंस. आत्ती मागनं धुणं घेऊन येते आणि आतल्या दारात थांबते. भांडेवाला परात उलटीपालटी करून काठ बघतो. "नाव हाय ह्येच्यावर. कुनाचं हाय? मागनं भांडनं नगंत मला." तो वर बघतो, त्याला दारातली बाई दिसते. "मावशी, तुमच्या घरातल्याचं हाय काय? नाव सांगा, बाजूला ठेवतो."

ती नाव कसं सांगणार होती, आई? नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे तुला ठाऊक होतं, तू स्वतः जन्मात आबांचं नाव घेतलं नाहीस. सवाष्णीला निदान उखाण्यात तरी घेता येतं. आत्तीला तेही राहिलं नव्हतं. 'माझी हाय' एवढं तरी म्हणायचं, असं मला लहानपणी फार वाटायचं. पण भावाच्या घरात बसून खाणाऱ्या बाईच्या तोंडात 'माझं' हा शब्द कुठून येणार? तिनं तुझ्याकडं बघितलं. तू एक शब्द बोलली असतीस तर भागलं असतं. तू झाकण लावत होतीस. घट्ट बसतं का ते बघत होतीस.

मग मीच पुढं सरकले आणि काठावरचं नाव वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं, आडनावासकट. आत्तीनं चटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घरातला पुरुष अचानक दारात आल्यावर बाया ओढायच्या तसा. ते नाव तिच्या कानावर किती दिवसांनी पडलं असेल कुणास ठाऊक. भांडेवाल्यानं परात बाजूलाही ठेवली होती. आणि तू म्हणालीस, "पोरीचं काय ऐकताय पावणं? घाला तागडीत." मग माझ्याकडं वळून, "लई शानी झालीस व्हय गं? हितं जित्या मानसास्नी जागा न्हाय, आन् मेलेल्यांची भांडी संबाळत बसू?"

भांडेवाल्यानं परात उचललीच नाही. शेवटी आत्तीच पुढं आली. ओले हात पदराला पुसून तिनं परात उचलली आणि स्वतः तागडीत ठेवली. म्हणाली, "घाला. जड हाय, वजन भरंल चांगलं." आणि धुणं वाळत घालायला मागं निघून गेली.

त्या रात्री नवे डबे ओळीनं लागले. आबांनी बघितले, चांगले आहेत म्हणाले, जेवले. परात कुठं गेली हे त्यांनी विचारलं नाही. सगळे डबे सारखे, त्यामुळे आत्तीला पिठाचा कुठला नि डाळीचा कुठला ते कळेना. ती एकेक उघडून बघायची आणि झाकणांची अदलाबदल झाली की तू काही न बोलता मागनं जाऊन नीट लावायचीस. हळूहळू ती आत यायचीच कमी झाली. हाक मारली की यायची, नाहीतर मागच्या पायरीवर बसायची. एक दिवस आबांना म्हणाली, "आरं, मला हातकणंगल्याला सोड. तिकडं माझं भांडंकुंडं काय न्हाय, पर निदान चूल वळकीची हाय." आबांनी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "ऱ्हावा की वन्सं, आमी कवा नगं म्हनलंय?" तू नको म्हणाली नव्हतीस, हे खरंच आहे.

दिरानं तिला गोठ्याशेजारची खोली दिली. तिथंच ती दोन-तीन पावसाळ्यांनी गेली. आबा पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तू आंघोळ केलीस, सुतक पाळलंस, आणि दिवस झाल्यावर फडताळ उतरवून सगळे डबे चिंचेनं घासलेस.

माझं लग्न ठरल्यावर मी तुला एकदा विचारलं होतं, असं का केलंस म्हणून. तुला वाटलं मी भांडायला आलेय. म्हणालीस, "तुला काय ठावं? ह्या घरात आले तवापास्नं एक डबासुदीक माझ्या मनानं ठेवाय मिळाला न्हवता मला. आदी सासूबाई, मग त्या आल्या. माझं घर कवा व्हायचं?" तुझं ते दुःख खरं असेल. पण तुला राग येण्यासारखी माणसं घरात वेगळी होती आई, आणि त्यांच्यासमोर तू कधी तोंड उघडलं नाहीस. जिला परत उत्तर देता येत नव्हतं, तिचीच भांडी तू हलवलीस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा घरात कार्य होतं, आणि मग तू होतीस कुठं.

आज हे सगळं का लिहायला घेतलं, तेही सांगते. यांची धाकटी बहीण, माझी नणंद, एकटी पडलीय. मुलगा परदेशात, घर विकलं. ती इथं राहायला येणार आहे, कायमची. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "तिच्या सामानाला स्वयंपाकघरात एखादं कपाट होईल ना गं? तिला स्वतःचं काहीतरी करून खायची सवय आहे." मी म्हणाले, "होईल की. न व्हायला काय झालं?" यांना बरं वाटलं, पेपर घेऊन बाहेर गेले. हे पत्र मी यांना दाखवणार नाही, तुला तर ते पोहोचायचं नाहीच. म्हणून फक्त तुला सांगते. ती येऊ नये असं मला वाटतंय.