मुका कॉम्प्युटर आणि माझी मान

ती. ताईच्या चरणी धाकट्याचा दंडवत. (कमरेमुळे खरा घालता येत नाही, कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुला ठाऊकच आहे, ही गेल्यापासून लेक मागे लागली आहे की घर बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. मी तिला ताकास तूर लागू देत नव्हतो. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता जावयाच्या घरी भिंतीकडे बघत बसू का? दर रविवारी ती कॉम्प्युटरवर दिसते (कॉम्प्युटर जावयानं वापरून टाकलेला, तोही माझ्यासारखाच निवृत्त), हा विषय काढते आणि मी हवापाण्यावर घसरतो. तर मध्यंतरी त्या कॉम्प्युटरची वाचाच गेली. चित्र दिसतं, लेकीचे ओठ हलतात, आवाजाच्या नावानं शून्य. तिला सांगायची सोय नव्हती. 'बघा, बाबांना एकट्यानं जमत नाही' म्हणायला आयतं कोलीत मिळालं असतं. माझं बोलणं तिला ऐकू जात होतं, म्हणून मी चार वाक्यं बोलायचो आणि बाकी वेळ मान डोलवायचो. ती हसली की हसायचो. (एकदा ती हसत नव्हती, डोळे पुसत होती, हे जरा उशिरा कळलं.)

उपाय पुष्कळ केले. आवाज पार वर नेला, दुसरे स्पीकर आणले, बंद करून चालू केला. खालचे औषधवाले म्हणाले, हिरवी पिन हिरव्या भोकात घाला, यात चुकण्यासारखं काही नाही. मी घातली. पुन्हा काढून घातली. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मागे बॅटरी मारली आणि भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काका, इथे रंग कोणी दिलाय?" मी म्हटलं, मी. धूळ पुसताना भोकांभोवतीचे रंग विटलेले दिसले, हात स्वस्थ बसेनात. बारीक ब्रशनं नवे दिले आणि मूळची मांडणी डोळ्यांत खुपत होती म्हणून हिरव्या-गुलाबीची अदलाबदल केली. (काम सुबक झालंय, हे त्यानंही कबूल केलं.) त्यानं पिन गुलाबी भोकात घातली आणि आवाज आला.

पुढच्या रविवारी लेकीचं पहिलंच वाक्य कानावर पडलं, "बाबा, तुम्ही हो म्हणालात म्हणून तुमची खोली तयार करून घेतली." ताई, मी जिभेनं चकार शब्द काढला नव्हता. मानेनं परस्पर व्यवहार करून टाकला. हे घर सोडायचं मनात आलं की रडू येतं.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. लेक आत्याचं, म्हणजे तुझं, ऐकते. तिला सांग, बापाचा होकार खरा नव्हता. मला स्वतःला तोंड नाही.

दुसरा ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि पुन्हा रविवार उजाडला. तिनं विचारलं, "बाबा, तिथे एकटं वाटतं का हो?" बहुधा ती दर वेळी हेच विचारत असावी. मी होकारार्थी मान डोलवली. या खेपेला मला नीट ऐकू आलं होतं, तेव्हा तू तिला काही सांगू नकोस.