हिंगाच्या डबीतला रुपया

रवि. ९ नोव्हें.
रविवार, म्हणजे सकाळपासून दाराशी चपलांचा ढीग. दिवाळीनंतर जास्तच. पूजेला काढलेली नाणी परत आत ठेवताना लोकांना वाटतं, एकदा नानांना दाखवून घ्यावीत. माझे सासरे फी घेत नाहीत, वर चहा आम्हीच पाजतो. रवी म्हणतो, बाबांचा छंद आणि माझी साखर.

एका बाईंची चार नाणी आरशासारखी लखलखीत. नाना: "कशानं घासली?" "चिंच लावली, मग रांगोळी." "आता ही चांदी झाली, बाई. नाणी राहिली नाहीत." बाई हिरमुसल्या. मग नानाच म्हणाले, "दरवर्षी पूजेला ठेवा. लक्ष्मी काही भाव विचारत नाही." बाई हसत गेल्या. हे त्यांनाच जमतं.

शेवटी जैनाबादचे पाटील, केळीवाले. आपल्याच बऱ्हाणपूरच्या टाकसाळीचा जुना रुपया, काळपट. नानांनी कडेनं धरून खिडकीशी नेला, तिरका केला, पुन्हा केला. नेहमीपेक्षा फार वेळ. मग, "न धुतलेला. याला हात लावू नका." पाटलांचा चेहरा असा फुलला. इंदूरचे एक संग्राहक नानांच्या शब्दावर नाणी विकत घेतात, ते पुढच्या रविवारी येणार.

कागदात गुंडाळताना मी सहज भिंग लावलं. काळ्या रंगाखाली ओरखडे. बारीक, सगळे एकाच दिशेचे. परत पाहिलं. आणि हिंगाचा वास? मला वाटलं स्वयंपाकघरातून येतोय. गुंडाळून दिला. पाटील घेऊन गेले.

सोम. १०
नववीचे पेपर तपासायला बसले, डोक्यात तो रुपया.

माझंच चुकलं असेल का? लग्नानंतर दुपारच्या वेळी नानांनीच शिकवलं. मळ वेगळा, रंग वेगळा. मळ हळूच काढता येतो, रंग एकदा गेला की गेला. न धुतलेल्या नाण्यात काळेपणा अक्षरांच्या खोबणीत बसतो, उंचवटे हातानं झिजून उजळ होतात. पाटलांचा रुपया वर-खाली सारखाच काळा. नंतर चढवलेला रंग. नाना हे झोपेत ओळखतील.

म्हणजे दिसलंच नाही त्यांना.

बुध. १२
सकाळी नानांनी चहा बशीत ओतताना अर्धा टेबलावर. लेकीला, ईशाला, संधीच मिळाली. "नाना, मोतियाबिंद का ऑपरेशन आजकल कुछ नहीं, दुपारी तर माणूस घरी येतो." नाना: "मला सगळं दिसतं. तुझ्या मोबाइलमध्ये कोणाचा फोटो आहे तोही दिसतो." पोरीनं फोन पटकन पाठीमागे लपवला. सगळे हसलो. विषय संपला. विषय कसा संपवायचा यात म्हाताऱ्याचा हात कोणी धरणार नाही.

नंतर सकाळचा पेपर माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच वाच गं, तुझा आवाज चांगला आहे." कित्येक महिने हे ऐकून मी खूश होत होते. मूर्ख मी.

रात्री रवीला सांगितलं. "मग सांगून टाक ना त्यांना." म्हटलं, तू सांग, मुलगा तू आहेस. "मला नाण्यातलं काय कळतं?" पळपुटा.

शुक्र. १४
शाळेतून तशीच स्कूटीवर पूल ओलांडून जैनाबाद. निमित्त केळ्यांचं. पाटील शेतात होते, काकू एकट्या. इकडचं तिकडचं झालं, आणि मी रुपयाचं नाव काढल्याबरोबर त्या दार लोटून आल्या.

"ताई, मीच धुतला व्हता. धनतेरसला. काळाकुट्ट रुपया लक्ष्मीसमोर कसा ठेवू, सांगा? चिंच न् रांगोळीनं घासला, असा चकचक झाला. मग याद आलं, हे म्हणले व्हते जुन्याला हात लावू नको. इतकी घाबरली ना मी."

मग? मग त्यांची आई म्हणायची, हिंगाच्या डबीत चांदी काळी पडते. म्हणून रुपया हिंगाच्या डबीत. रोज झाकण उघडून बघायच्या, पुरेसा काळा झाला का. झाल्यावर गुपचूप जागेवर.

मला हसूही येईना, रडूही. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "पण नानांनी पास केला ना? म्हणजे बिघडलं नाही काही?" मी पिशवी उचलली. "यांना सांगू नका हं ताई, तुम्हाला माझी शपथ." वर एक फणी केळी पिशवीत. ती घेऊन घरी आले. नानांनी दोन खाल्ली, गोड आहेत म्हणाले.

शनि. १५
आज सांगायचंच म्हणून बसले. नानांच्या पायाला तेल लावत होते. सुरुवात करणार, तर तेच बोलायला लागले, आईंबद्दल.

"तुझ्या सासूनं एकदा माझं नाणं धुतलं होतं. माझं सगळ्यात आवडतं. मी कामावरून आलो तर ताटात ठेवून दाखवते, बघा कसं चमकतंय."
"मग?"
"मग काय. म्हटलं, छान केलंस."
"आणि खरं कधी सांगितलं?"
"कशाला सांगायचं?" आणि बराच वेळ हसत बसले.

तेल लावून झालं, मी उठले. आईंचं घरातल्या घरात होतं. इथे उद्या परका माणूस यांच्या तोंडाकडे बघून रुपया घेणार. नंतर इंदुरात कोणीतरी भिंग लावेल आणि म्हणेल, बऱ्हाणपूरचे नाना आता काहीही सांगतात. ते मला सहन होणार नाही. पण त्यांना चारचौघांत खोटं पाडणंही व्हायचं नाही माझ्याच्यानं. या माणसानं मला कधी "सूनबाई, पाणी!" असं हुकमानं म्हटलं नाही. माझा फार जीव आहे त्यांच्यावर. उद्या सकाळी, लोक यायच्या आधी, नक्की.

रवि. १६
सकाळी सांगता आलं नाही. नाना आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसले, आणि इंदूरवाले वेळेआधीच हजर. पाटील पण. काकू नव्हत्या, नशीब.

इंदूरवाल्यांनी रुपया हातात घेतला, भिंग काढलंच नाही. "नानाजी, आपने कह दिया तो हमें क्या देखना." आणि खिशात हात घातला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा." सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "नाना, परत एकदा बघता?"

नानांनी रुपया घेतला. खिडकीशी गेले. तिरका केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.  पाठमोरे होते, पण मला खांदे उतरताना दिसले. मग वळले, रुपया माझ्यापुढे धरला, जरा बाजूलाच. मी हात सरकवून घेतला.

"तू बघ."
"मी बघितलाय, नाना."
"मग सांग की."

"धुतलेला आहे. घासलेलाच. वरून काळा केलाय."

पाटील उठलेच. "आमच्या घरात कोणीच हात नाही लावला त्याला, मॅडम." मी म्हटलं, "दादा, कोणी कधी धुतला ते नाण्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या आधी किती हातांतून आलाय." ते बसले, पण माझ्याकडे बघेनात.

इंदूरवाले अवघडले. "तो नानाजी, अब किसकी मानें?"

"इनकी."

एवढंच म्हणाले. मला नेहमी अगं-तूगं करणारे नाना परक्यासमोर असं म्हणाले, आणि खुर्ची हातानं चाचपून बसले.

इंदूरवाले "सोच के बताता हूँ" म्हणून गेले. आता घेतला तरी निम्म्याच्याही खाली. पाटलांनी चहा घेतला नाही. बाकीच्यांना रवीनं "पुढच्या रविवारी या" म्हणून परत पाठवलं.

नाना जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी दोनदा जाऊन पांघरूण नीट केलं. जागे होते.

मंगळ. १८
बोलतात, पण मोजकं. मीठ दे. दार लाव. घर कसं सुनंसुनं.

शाळेतून आले तर म्हणाले, बस. बसले.

"ज्यांना ज्यांना मी सांगितलं, त्या सगळ्यांना परत बोलवायचं. नाणी घेऊन."
"आधी डोळ्यांचे डॉक्टर."
"आधी फोन."
"बरं. कधीपासूनच्या लोकांना?"

नानांचे हात मांडीवर उघडझाप करत होते. "तेच तर कळत नाही, मेधा. एकदम थोडीच गेली नजर. जात राहिली. मी तिरकं धरायचो, मग आणखी तिरकं." मग हळूच, "तुला कधी कळलं?" म्हटलं, पाटील पहिल्यांदा आले त्या रविवारी. "आधी का नाही कळलं तुला?" रागानं नाही विचारलं.  मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला.

बुध. १९
काकूंचा सकाळी निरोप, ईशाच्या फोनवर: "यांना सांगितलं मीच. दोन दिवस जेवण बंद होतं, आता बोलायला लागले." वर हसरा चेहरा. बरं वाटलं. रुपयाचं काय झालं ते लिहिलं नाही.

संध्याकाळी फोनची सुरुवात. नंबर मी लावते, नाना बोलतात. आठवतील तशी नावं सांगत होते, मी म्हटलं एकापासून तर सुरू करू. इथल्याच लालबागचे एक निवृत्त मास्तर, नानांचे जुने मित्र. नानांच्या शब्दावर त्यांनी नातवासाठी मोहोर घेतली होती.

इकडची तिकडची चौकशी नाहीच. "ती मोहोर घेऊन ये. सूनबाई बघेल." समोरून काहीतरी विचारलं असावं. नाना म्हणाले, "कारण मला दिसत नव्हतं, आणि मी तुला सांगितलं, घे."

मग कितीतरी वेळ फोन कानाला लावून नुसते ऐकत होते. काय बोलले मास्तर, ते कळलं नाही. फोन ठेवला आणि म्हणाले, "पुढचा लाव."