न्हाणीघराचे अरुंद दार

मी वैद्यनाथ राव, वडील कै. कृष्णमूर्ति राव, वय सत्त्याहत्तर, राहणार कुंभकोणम्, स्वामीमलै रस्त्याच्या अलीकडील नव्या वसाहतीत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. रक्तदाबाचा त्रास आहे, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. लिहिताना खोलीचे दार आतून लावून घेतले आहे.

मी निबंधक कार्यालयात कारकून होतो. सारी नोकरी लोकांचे दस्त नोंदवण्यात गेली. भावाने भावाला आणि मुलाने बापाला कागदावर कसे बुडवले, ते टेबलाच्या अलीकडून रोज पाहिले. त्याने माझा स्वभाव संशयी झाला, असे माझी पत्नी सौ. गोमती म्हणते. मी त्याला सावधपणा म्हणतो.

कलम १. मागच्या वर्षी मी एक मृत्युपत्र नोंदवले होते. ते या कागदाने संपूर्ण रद्द समजावे. त्यात माझा मुलगा चि. रघुराम याला काहीही देऊ नये असे लिहिले होते. का लिहिले होते आणि का रद्द करतो, ते कलम दोनमध्ये आहे. कारण न देता फिरवलेल्या शब्दाचा कोर्टात फार कीस काढतात.

कलम २. राहते घर, जमिनीसह, मी माझ्या कमाईतून बांधले. त्यात वडिलार्जित काही नाही.

हे घर बांधायचे कारण गोमतीचे आजारपण. तिला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. तेव्हा आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहत होतो. तिला खुर्चीसकट खाली उतरवायला दोन माणसे लागत. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजनाला जाणारी बाई खिडकीतून रस्ता पाहत बसू लागली. म्हणून बैठे घर बांधायला काढले. नकाशावर मी लाल शाईने लिहिले होते: उंबरठे नकोत, दारात उतार हवा, न्हाणीघराचे दार चाकांच्या खुर्चीला पुरेल असे तीन फूट रुंद.

कंत्राटदार जानकीराम. त्याला रघुरामनेच सुचवले होते. दोघे शाळेत एका वर्गात होते. मला ते तेव्हाच खटकले. मुलाचा मित्र आपल्या कामावर म्हणजे घरात मुलाचा कान.

काम आठ महिन्यांत देतो म्हणाला होता. आधी आडी, म्हणजे आषाढ, महिन्यात पाया घालत नाहीत म्हणून थांबला. मग वाळूचा लॉरीवाला संपावर, मग भाचीचे लग्न, मग फोन बंद. एके दिवशी माझी शंका मला त्याच्या गावी, तिरुविडैमरुदूरला, बसने घेऊन गेली. तिथे लग्नाच्या एका कल्याणमंडपाचे बांधकाम चालले होते, आणि माझ्याकडे आजारी म्हणून सांगितलेले मेस्त्री नि गवंडी परातीने काँक्रीट वाहत होते. जानकीराम छत्री घेऊन उभा. मला पाहून त्याने ती छत्री माझ्या डोक्यावर धरली. मी पुढच्या बसने परतलो. दुसऱ्या दिवशी माणसे माझ्या कामावर हजर होती.

चुकाही थोड्या नाहीत. गच्चीचा उतार उलट दिला, त्यामुळे पावसाचे पाणी मोरीकडे न जाता जिन्याकडे येते. स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या गटारावर उघडते. हॉलमधली विजेची बटणे दार उघडले की दारामागे जातात. या तिन्ही चुका मी हयात असेतो दुरुस्त झाल्या नाहीत, तर वारसांनी त्याच्याकडून करून घ्याव्यात. तो नाही म्हणणार नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, हाच त्याचा रोग आहे.

पण मुख्य गोष्ट दाराची. भिंती उठल्यावर मी माझी पोलादी टेप घेऊन न्हाणीघराचे दार मोजले. सव्वादोन फूट. खुर्ची आत जाणे शक्य नव्हते. पुढच्या दारात उताराऐवजी तीन पायऱ्या केलेल्या, बाजूला लोखंडी कठडा. मी जानकीरामला बोलावून विचारले, हे कुणी सांगितले? जो माणूस सिमेंटच्या एका पोत्यासाठी माझ्याशी तासभर वाद घालायचा, तो मान खाली घालून म्हणाला, “माझी चूक, सार.”

चूक चटकन कबूल करणारा माणूस दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो. कार्यालयात हे मी पुष्कळदा पाहिले आहे. झाकायचे कुणाला? त्याच्या आदल्या आठवड्यात रघुराम कोइंबतूरहून आला होता, आणि दोघे मित्र सिमेंटच्या गोदामामागे उभे राहून हलक्या आवाजात बोलताना मी पाहिले होते. मी जवळ गेलो तसे गप्प झाले. महिन्यापूर्वी त्याने फोनवर सहज विचारले होते, अप्पा, त्या भागात घरभाडे काय चालते? मी दोन नि दोन चार केले. आई आता थोड्या दिवसांची, तिच्या खुर्चीसाठी घर कशाला बिघडवा, पुढे भाड्याने देण्यासारखे बांधून घ्यावे, असा त्याचा हिशेब असणार असे मी ठरवले. जानकीरामला दार फोडून रुंद कर म्हणून बजावले. तो हो म्हणत राहिला आणि विटेला हात लावीना. माझी खात्री पटली. जाऊन ते पहिले मृत्युपत्र नोंदवले.

रघुरामला मी फोनवर सांगितले, की तुझे नाव काढले आहे. कारणही सांगितले.  तो म्हणाला, “अप्पा, तुमच्या ऑफिसात आलेली सगळी मुले मीच आहे का?” मी फोन ठेवला. त्यानंतर तो आईशी रोज बोले, माझी चौकशी करी, पण फोन माझ्याकडे दे म्हणत नसे.

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ कामावर बसू लागलो. विटा मोजायच्या, पाणी मारले की नाही ते पाहायचे. घरी गोमतीजवळ आमची मुलगी पवित्रा असे. हाताचे व्यायाम घ्यायला विष्णुवर्धन नावाचा फिजिओथेरपिस्ट येई. माणूस बरा, पण मी घरात असलो की फार लवकर निघून जायचा. तेही मी मनात नोंदवून ठेवले होते.

संक्रांतीनंतर तै महिन्यात वास्तुशांत ठरली. रघुराम आला, मागे उभा राहिला. खुर्ची पायऱ्यांवरून उचलायला मी दोन माणसे सांगून ठेवली होती. रिक्षातून उतरवून गोमतीला खुर्चीत बसवले, दाराशी आणले, माणसे वाकली. ती त्यांना म्हणाली, “खुर्ची इथेच राहू द्या.” उजव्या हाताने तिने कठडा धरला आणि उभी राहिली. मी पुढे झालो तर जानकीरामने माझा दंड धरला. आयुष्यात प्रथम त्याने मला अडवले. ती एक एक करून तिन्ही पायऱ्या चढली. डावा पाय ओढत होता. उंबरठ्यावर थांबून तिने दम घेतला आणि उजवा पाय आत टाकला. पवित्रा रडत होती. रघुराम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ब्राह्मण जेवून गेल्यावर मी गोमतीला विचारले. तिने सगळे सांगितले. नकाशा आला त्याच आठवड्यात तिने जानकीरामला फोन करून दार नेहमीसारखे ठेवायला लावले होते. पायऱ्या आणि कठडाही तिचाच. विष्णुवर्धन हाताचे नव्हे, पायाचे व्यायाम घेत होता, मी कामावर बसलेलो असताना. रघुरामला जानकीरामने गोदामामागे सांगितले, आणि गोमतीने त्यालाही गप्प राहायची शपथ घातली. भाड्याची चौकशी त्याने आपल्या मित्रासाठी केली होती, असे तो म्हणतो. ते मी अजून तपासलेले नाही.

मला का सांगितले नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “अहो, खुर्चीच्या मापाचे दार झाले असते, तर तुम्ही मला खुर्चीतून उठू दिले नसते.”

 यावर तेव्हा जे म्हणायचे राहिले ते इथे नोंदवतो: माझ्या पश्चात हे घर सौ. गोमतीला पूर्ण मालकीने मिळावे. केवळ हयातीपुरता हक्क नव्हे. बायकांना हयातीपुरताच हक्क द्यावा, असा सल्ला मी शेकडो लोकांना दिला. जिने इतके दिवस एका संशयी माणसाला घरातल्या घरात काही कळू दिले नाही, तिला फसवून कुणी घर विकायला लावील, ही भीती मला नाही. ती माझ्या आधी गेल्यास घर रघुराम व पवित्रा यांना समान वाट्याने जावे. न्हाणीघराचे दार तिने स्वतः सांगितल्याखेरीज कुणी रुंद करू नये.

कलम ३. बँकेतील ठेवी गोमतीला. स्वामीमलैला ओतवून घेतलेली पंचधातूची विठ्ठल-रखुमाई पवित्राला. ती सकाळी दिवा लावते, रघुराम रविवारी लावतो. माझी टेप व कायद्याची पुस्तके रघुरामला. त्याला उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

कलम ४. मूळ जमिनीचा दलाल चंद्रमौली माझ्या अंत्ययात्रेला येईल. येऊ द्यावे. कागद कुठे ठेवले आहेत असे तो विचारील. सांगू नये.

कलम ५. व्यवस्थापक म्हणून पवित्राला नेमतो. रघुरामने हिशेब मागितल्यास तिने दाखवावा. तिने मागितल्यास त्यानेही.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा शिरस्ता आहे. म्हणून जानकीरामला मी काही देत नाही, साक्षीदार करतो. मी त्याला चारचौघांत चोर म्हटले, बेइमान म्हटले; एका आजारी बाईला दिलेल्या शब्दासाठी त्याने ते ऐकून घेतले. असा माणूस कोर्टात उलटत नाही.

हा कागद मराठीत, आमच्या घरच्या भाषेत, आहे. जानकीरामला तमिळखेरीज वाचता येत नाही. तमिळ तर्जुमा करवून नंतर जोडायचा आहे. आज सहीसाठी आल्यावर त्याने विचारले, यात माझ्याविषयी काही लिहिले आहे का. आहे, म्हणालो. वाचून सांगू का, असे मी विचारले. नको म्हणाला आणि पेन मागितले. नोकरीत न वाचता सही करणाऱ्या प्रत्येकाचा हात मी धरला. याचा धरणार नाही.

स्थळ: कुंभकोणम्
दिनांक: १९ जून २०२५

(सही) वैद्यनाथ राव

आमच्या समक्ष वैद्यनाथ राव यांनी, आणि त्यांच्या समक्ष आम्ही, सह्या केल्या:
१. (तमिळमध्ये सही) जानकीराम, बांधकाम कंत्राटदार, तिरुविडैमरुदूर
२. (सही) विष्णुवर्धन, फिजिओथेरपिस्ट, कुंभकोणम्