पित्ताशय आणि द्राक्षाची पानं

११ मे, शनिवार
झरनिगारच्या पित्ताशयात खडे. शुक्रवारी ऑपरेशन. दुर्बिणीतून, छोटी छोटी भोकं पाडून. सगळे म्हणतात किरकोळ. मीही तेच म्हणतो. अजिबात घाबरलेलो नाही. ज्यानं तीस वर्षं बाकूत लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांच्या शेजारी बसून ज्यानं शांतपणे सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या, तो माणूस भोकांना घाबरणार?
संकल्प: बायको शुद्धीवर आली की तिच्यासमोर माझ्या हातचा दोलमा. अंगणातल्या द्राक्षवेलीचीच पानं. सरप्राइज. पानात खिमा गुंडाळायचा, त्यात शिकण्यासारखं काय आहे?
आज वेलीवर बुरशीसाठी गंधकही मारून टाकलं. कामाला लागलं की मन ताळ्यावर राहतं. म्हणजे तसं ते ताळ्यावरच आहे.

१२ मे, रविवार
झरनिगारनं मला घरभर फिरवलं. चहापत्ती इथं, पंपाचं बटण तिथं. मान डोलावत होतो. मग म्हणाली, हिवाळ्याच्या रजया वरच्या कपाटात आहेत, वापरण्याआधी ऊन दाखव.
माणूस दोन-तीन दिवसांसाठी दवाखान्यात चाललंय. मे महिना आहे. रजया कशाला?
बाहेर जाऊन गाडीत बसलो. गाडी सुरू केली नाही. उजवा पाय मात्र आपोआप ब्रेक दाबत होता.
संध्याकाळी सहज विचारलं, दोलम्यात पानाची कुठली बाजू आत असते? ती बघतच राहिली. म्हणाली, "एल्दानिझ, तुला बरं वाटतंय ना?" म्हटलं, जनरल नॉलेज.

१४ मे, मंगळवार
ती बहिणीबरोबर तपासण्यांना गेली. मीच जाणार होतो, पण दवाखान्याच्या वासानं माझं डोकं चढतं. हा तब्येतीचा प्रश्न आहे, भीतीचा नाही.
संधी साधून ट्रायल घेतली. सगळ्यांत मोठी पानं तोडली. मोठं पान, मोठा दोलमा, साधं गणित. शिजला. चावताना रेनकोट खाल्ल्यासारखं वाटलं, तरी तत्त्व म्हणून थोडे संपवले.
तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची मलेका खाला, सगळ्या गल्लीची मावशी. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची. म्हणाली, "काय रे, शनिवारी त्या वेलीवर पिवळी भुकटी उडवत होतास ना?"
म्हटलं, हो, गंधक.
"आणि तीच पानं गिळलीस?"
पुढचं नीट आठवत नाही. पातेलंभर दही प्यालो. आडवा पडलो. नाडी मोजली, हरवली, पुन्हा मोजली. मीच आधी गेलो तर शुक्रवारी दवाखान्यात कोण थांबणार, या एकाच विचारानं घाम फुटला. खाला उशाशी बसून हसत होती. "अरे, पानं उकळत्या पाण्यातून काढलीस ना? मग पोट जरा कुरकुरेल. एवढ्यानं मेलास तर तू पहिलाच!"
तिच्या हसण्याला वैद्यकीय आधार काय, ते तिनं सांगितलं नाही.

१५ मे, बुधवार
जिवंत आहे. झरनिगार बॅग भरत असताना खालाच्या घरी शिकवणी. तिच्या वेलीची पानं कोवळी, लहान मुलाच्या तळहाताएवढी. शिरांची बाजू आत, गुळगुळीत बाहेर. खिमा, तांदूळ, कांदा, शेपू, कोथिंबीर, पुदिना. "एवढासाच घे. दोन्ही कडा दुमड. आवळू नकोस रे, तांदूळ फुगणार, त्याला श्वास घेऊ दे."
माझं पहिलं पान फाटलं. दुसरंही. खालानं विचारलं, हात का थरथरतायत? म्हटलं, सकाळपासून चहा जास्त झालाय.
तिनं आणखी एक पान गुंडाळलं. मग म्हणाली, "मी बाळंतपणाला निघाले की आमच्या म्हाताऱ्यालाही चहा असाच जास्त व्हायचा."
तिला काय म्हणायचं होतं, कळलं नाही.

१६ मे, गुरुवार
ॲडमिट केलं. बॅग तिनंच उचलली, कारण माझ्या हातात गाडीची किल्ली होती. पलंगावर बसून म्हणाली, "उद्या तू येऊ नकोस. बहीण आहे. तुला झेपत नाही."
मला? झेपत नाही?
घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलो. माझाच एक जुना विद्यार्थी हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. हात हलवला त्यानं. मी हलवला नाही. स्टिअरिंग सोडवेना.

१७ मे, शुक्रवार
पहाटेपासून गुंडाळतोय. पातेल्याच्या तळाशी हाडं, वर दोलमे, त्यावर उलटी बशी. मंद आच. निम्मे सुटले. मोकळा दोलमा म्हणू. लसूण घातलेलं दही बरणीत. आता निघतो. मन एकदम शांत आहे. डाव्या पायात वेगळा बूट घातलाय, पण परत फिरायला वेळ नाही.

१८ मे, शनिवार
दवाखान्यातून लिहितोय. तळमजला, पुरुष विभाग, खिडकीजवळचा पलंग.
कालचं सविस्तर. ऑपरेशन चालू होतं. मी टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं मांडीवर घेऊन बाहेर बसलो. नर्सनं विचारलं, काय आणलंय? अभिमानानं सांगितलं. मेंढीचा खिमा, शेपटाची चरबी, लसूण.
"आत पित्ताशय काढतायत," नर्स म्हणाली, "आणि तुम्ही चरबी घेऊन आलात? आज पाणीसुद्धा घोट-घोट. आणि हे असलं महिनाभर बंद!"
तिला समजावणार, तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. मास्क काढला. हसत नव्हते. म्हणाले, "झरनिगार खानिमबरोबर कोण आहे?"
मी उभा राहिलो. "मी" म्हटलं.
पुढचं वाक्य "सगळं छान झालं" असं होतं म्हणे. मला ते ऐकू आलं नाही. पडतानाही पातेलं सोडलं नाही, असं नर्स सगळ्यांना सांगतेय. त्यामुळे हात टेकले नाहीत, कपाळ टेकलं. टाके घातले. रक्तदाब बघून डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा बघितला.
आज सकाळी झरनिगार आली. चालायला सांगितलंय तिला. एक हात पोटावर, दुसरा बहिणीच्या खांद्यावर. हळूच माझ्या पलंगावर बसली. मी लगेच म्हटलं, मी घाबरलो नव्हतो, सकाळी काही खाल्लं नव्हतं.
"मी घाबरले होते रे," ती म्हणाली. "खूप. तुझ्यासमोर बोलले असते तर तू अजून आधी पडला असतास."
तिचा हात धरला. गार होता. माझाही.
मग तिनं पातेल्याचं झाकण काढलं. बराच वेळ आत बघितलं. शाबूत असलेला एक दोलमा उचलला, चारी बाजूंनी पाहिला, वास घेतला आणि माझ्या तोंडात घातला. "कसा झालाय?"
मीठच नव्हतं.
म्हटलं, फर्स्ट क्लास. ती माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली, मग पोट धरून म्हणाली, हसवू नकोस मेल्या, टाके ओढतात.
उद्या तिला घरी सोडणार आहेत. मला मंगळवारपर्यंत ठेवणार. माझे कपडे ती आणून देणार आहे.