इटलीचा रस

शेगाव, २ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
पुष्पांजलीचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे? आठवडी बाजाराला तुम्ही गेलात की शिवमला पाठवलंत? हे फोनवर विचारता आलं असतं, पण आपल्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि अर्धी गल्ली ऐकते. हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. शिवमकडून वाचून घेऊ नका.

काल पुण्याहून घरी यायला निघाले आणि शेगावलाच उतरले. का, ते सांगते.

दिवाळीनंतर तुम्ही वांगी-मेथीची पिशवी घेऊन माझ्या खोलीवर आलात, तेव्हा खिडकीत बाटली होती. "हे काय व?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, "द्राक्षाचा रस. इटलीचा."

"मंग दे की घोटभर. फॉरेनचा रस पाहू तं खरं."

नाही म्हटलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी स्टीलच्या पेल्यात ओतला. माझ्या हाताने. तुम्ही घोट तोंडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि गिळला. "जुना हाय व माय हा रस," एवढंच म्हणालात, पेला खाली ठेवला आणि हळदीचं बोलायला लागलात.

तो रस नव्हता हे मी तुम्हाला काय सांगणार! माझं सांगते. नोकरी लागली त्या वर्षी सुचितानं, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, तिच्या वाढदिवसाला ती वाईन आणली. दुकानातली सगळ्यात स्वस्त इटालियन, लाल. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. मी मोरीत थुंकले आणि तिला व्यसनमुक्तीवर भाषण दिलं. "केक तरी खाऊ देशील का?" ती म्हणाली. पुढच्या वर्षी तीच बाटली. तिला वाईट वाटू नये म्हणून अर्धा पेला घेतला, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी तुरटपणाच्या मागून वाळल्या बोरांची चव आली. यंदा सुचिता लग्न होऊन गेली होती. बाटली मीच आणली.

ती मला आवडते, बाबा.

आणि या सगळ्या वर्षांत मी व्यसनमुक्ती संस्थेच्या कार्यक्रमांत तुमची गोष्ट सांगत होते. बारावीत असताना मी हट्टानं तुम्हाला इथं शेगावला, समाधीसमोर आणलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही दारू सोडलीत, पुन्हा थेंब घेतला नाहीत. लोक टाळ्या वाजवतात. मी मान ताठ करून खाली उतरते.

परवा आई म्हणाली, "तुहे बाबा पुण्याहून येताना शेगावले उतरले होते. काऊन, ते सांगतच नाहीत." मला कळलं. खोटं मी बोलले आणि शपथ तुमची मोडली. ती पुन्हा घ्यायला तुम्ही एकटे गेलात. मला एक शब्द बोलला नाहीत.

आज मीही दर्शनाच्या रांगेत उभी राहिले, वाईन सोडायची शपथ घ्यायला. समाधीसमोर आले आणि कळलं, ती मी सोडणार नाही. तिथं तरी खोटं बोलवेना. तुमच्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही, एवढीच घेतली. तुमची गोष्टही आता स्टेजवर सांगणार नाही.

तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही. पत्र इथंच टपालपेटीत टाकून पुण्याला परत जाते. वाचून मला बोलवावंसं वाटलं तर फोन करा. स्पीकरवर असला तरी चालेल.

जिच्या डोक्यावर हात ठेवला होतात, ती
पुष्पांजली